वाचकांचे प्रश्न : उदास कोण आणि खिन्न कोण?

प्रश्न : ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी’ या तुकोबांच्या ओळीतील ‘उदास’ या शब्दापाशी मी अडलो आहे. ‘पैसा खर्च करताना मनाला थोडे लागले पाहिजे, म्हणजे उधळपट्टी होत नाही’ असा तिचा अर्थ मी एका व्याख्यानात ऐकला. शब्दकोशात पाहिले, तर ‘खिन्न’ आणि ‘विरक्त’ हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आढळले. यातला कोणता घ्यायचा, आणि तो कशाच्या आधारे ठरवायचा?

उत्तर : या ओळीत ‘विरक्त’ हाच अर्थ घ्यायचा, आणि त्याचा आधार त्याच ओळीच्या बांधणीत आहे. ‘उत्तम वेव्हारें’ आणि ‘उदास विचारें’ ही दोन्ही पदे तृतीया विभक्तीत आहेत. पहिले धन कसे जोडावे ते सांगते आणि दुसरे ते कसे वेचावे ते सांगते. ‘वेच’ म्हणजे खर्च. ‘त्यांनी उभे आयुष्य या कामी वेचले’ असे आपण म्हणतो, त्यातले ‘वेचणे’ ते हेच, फुले वेचण्यातले नव्हे. आता ‘उदास’ हे विशेषण कुणाला लागले आहे ते पाहावे. ते खर्च करणाऱ्या माणसाला लागलेले नाही, त्याच्या विचाराला लागलेले आहे. माणूस खिन्न असू शकतो आणि त्याचा चेहराही खिन्न असू शकतो. परंतु खिन्न विचार हे साधन हाती घेऊन कुणी व्यवहार करावा, असा उपदेश संभवत नाही. धन मिळवण्याचे साधन चोख व्यवहार आणि ते खर्च करण्याचे साधन निर्लेप विचार, अशी ही जोडी आहे.

एवढ्यावर समाधान झाले नाही, तर अभंग पुढे वाचावा. परोपकार करणारा, परनिंदा न जाणणारा, गाईगुरांचे पालन करणारा, रानात तहानलेल्या जिवाला पाणी देणारा आणि वडिलांचे महत्त्व वाढवणारा असा गृहस्थ पुढच्या चरणांत उभा राहतो, आणि शेवटी ‘तुका म्हणे हें चि आश्रमाचें फळ । परम पद बळ वैराग्याचें’ असा निर्वाळा येतो. पहिल्या चरणातला ‘उदास’ आणि शेवटच्या चरणातले ‘वैराग्य’ ही एकाच धाग्याची दोन टोके आहेत. मधल्या चरणांतले बहुतेक सगळे करणे दुसऱ्यासाठी हात मोकळा सोडण्याचे आहे. पैसा सोडताना ज्याच्या मनाला लागते, त्याच्याकडून हे व्हायचे नाही. म्हणून आपण ऐकलेल्या अर्थाचा रोख मला उलटा वाटतो. उधळपट्टी होऊ नये हे त्यातले तात्पर्य अभंगाला मान्य आहे; परंतु ते काम ‘उदास’ हा शब्द करीत नाही, ‘विचारें’ हा शब्द करतो. खर्च विचाराने करायचा आहे, बेफिकिरीने नाही. आणि त्या विचारात धनाची ओढ असू नये, एवढेच ‘उदास’ सांगतो.

येथे एक कबुली देतो. शाळेत हा अभंग म्हणताना ‘उदास’ या शब्दावर आवाज खाली आणायचा, अशी आम्हां मुलांची रीत होती, आणि पुढे कित्येक वर्षे हा चरण मला थोडा रडवेला वाटत असे. शब्दाचा आजचा अर्थ जुन्या ओळीवर किती सहज चढतो, याचा हा घरचाच दाखला आहे.

हा शब्द मुळात बसण्याचा आहे. ‘आस्’ म्हणजे बसणे आणि ‘उद्’ म्हणजे वर किंवा बाहेर. जो गर्दीतून उठून वेगळा, किंचित वरच्या जागी बसला आहे तो उदासीन. ‘आसन’ आणि ‘आसीन’ हे शब्द याच धातूचे आहेत. या बसण्यात मूळची खिन्नता नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजमंडळाचा विचार येतो, त्यात शत्रू, मित्र आणि मध्यम यांच्या जोडीला ‘उदासीन’ हा राजा येतो. तो भांडणाऱ्यांच्या बाहेर असतो आणि त्यांच्याहून बलवानही असतो. त्याच्या अलिप्तपणात सामर्थ्य आहे, हताशपणा नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद, मित्र, अरी, उदासीन आणि मध्यस्थ अशी माणसांची यादी येते, तेथेही हा शब्द भावनेचे नाव नसून नात्यातल्या जागेचे नाव आहे.

मात्र माझ्या मते सर्वांत निर्णायक साक्ष गीतेच्या बाराव्या अध्यायातली आहे. भक्ताची लक्षणे सांगताना तेथे ‘अनपेक्षः शुचिर्दक्ष उदासीनो गतव्यथः’ असा चरण येतो. उदासीनाच्या एका अंगाला ‘दक्ष’ बसला आहे आणि दुसऱ्या अंगाला ‘गतव्यथ’, म्हणजे ज्याची व्यथा गेलेली आहे तो. उजवीकडचा शेजारी हा शब्द खिन्नतेचा होऊ देत नाही आणि डावीकडचा तो आळसाचा होऊ देत नाही. तुकोबांच्या ‘उदास विचारें’मागे नेमका हाच ‘उदासीन’ उभा आहे. नवव्या अध्यायात ईश्वर कर्मांच्या ठायी ‘उदासीनवत्’ असतो असे म्हटले आहे. त्यावर ज्ञानेश्वरांनी घरात ठेवलेल्या दिव्याचा दृष्टान्त दिला आहे. दिवा कुणाला आज्ञा करीत नाही, कुणाला अडवीत नाही आणि कोण कोणत्या कामात आहे हेही जाणत नाही. तरीही घरातले व्यवहार त्याच्याच प्रकाशात चालतात. उदासीनतेचे इतके उजळ चित्र मराठीत दुसरे मला तरी माहीत नाही.

प्रश्न : ‘उदासीन’ मूळचा इतका निर्मळ शब्द असेल, तर तो दुःखाकडे केव्हा आणि कसा वळला? बालकवींची ‘कोठुनि येते मला कळेना’ ही कविता वाचताना तर विरक्तीचा अर्थ मनात येतच नाही. कवीने शब्द सैल वापरला आहे, असे म्हणायचे का?

उत्तर : ‘केव्हा’ या प्रश्नाला एक साल देता येत नाही, कारण दोन्ही छटा एकाच काळात, इतकेच नव्हे तर एकाच कवीच्या लेखणीत सापडतात. समर्थ रामदासांच्या ‘मनाचे श्लोकां’त पुढील दोन चरण आहेत :

उदासीनता तत्त्वता सार आहे ।
सदा सर्वदा मोकळी वृत्ति राहे ॥

आणि त्यांच्याच करुणाष्टकांत हे :

उदासीन हा काळ जातो गमेना ।
सदा सर्वदा थोर चिंता शमेना ॥

दोन्हींचे वृत्त भुजंगप्रयात आहे, दोन्हींचा आरंभ ‘उदासीन’ने होतो आणि दोन्हींच्या पुढच्या चरणाला ‘सदा सर्वदा’ हीच सुरुवात आहे. बाह्य घडणीत इतके साम्य असूनही पहिल्या ठिकाणी शब्द मोकळा श्वास घेतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो गुदमरतो. फरक शेजाऱ्यांनी केला आहे. पहिल्या जोडीत ‘सार’ आणि ‘मोकळी वृत्ति’ हे शब्द आहेत. दुसऱ्या जोडीत ‘गमेना’, ‘चिंता’ आणि ‘शमेना’ आहेत. ‘गमेना’ म्हणजे करमेना. ज्याला उदासीनता साधली आहे, त्याला करमणे आणि न करमणे हा प्रश्नच उरत नाही. ज्याला करमत नाही, त्याची उदासीनता त्याने स्वतः स्वीकारलेली नसते. दुसऱ्या श्लोकाच्या पुढच्या चरणात ‘उठे मानसीं सर्व सोडोनि जावें’ अशी ऊर्मी येते. सर्व सोडून जाणे ही वरवर विरक्ताची भाषा आहे, पण येथे ती शांतीतून निघालेली नाही, तळमळीतून निघालेली आहे. एका छटेतून दुसरीत पाऊल पडते ते या जागी दिसते.

‘कसा’ या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या रोजच्या बोलण्यात सापडते. ‘त्याचे मन संसारात लागत नाही’ हे वाक्य आपण संन्यास घेऊ पाहणाऱ्याविषयीही बोलतो आणि जवळचे माणूस गमावलेल्याविषयीही बोलतो. दोघेही घोळक्यातून उठून बाजूला बसतात, दोघेही कमी बोलतात, दोघांचाही हात जेवणाच्या ताटापाशी थांबतो. आत काय चालले आहे ते पाहणाऱ्याला दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की हा माणूस वेगळा बसला आहे, आणि ‘उदासीन’ या शब्दाने मुळापासून तेवढेच सांगितले होते. एकाने ते बसणे निवडलेले असते आणि दुसऱ्यावर ते येऊन पडलेले असते. बहुसंख्य लोकांच्या वाट्याला दुसरा अनुभव येतो, म्हणून बोलीत तोच अर्थ वरचढ झाला, असे मी मानतो. पहिला अर्थ मात्र पंथाच्या नावाइतका दृढ राहिलेला आढळतो. गुरू नानकांच्या प्रदीर्घ प्रवासांना शीख परंपरेत ‘उदासी’ म्हणतात आणि त्यांचे पुत्र श्रीचंद यांच्यापासून चालत आलेल्या साधूंच्या पंथाचे नावही ‘उदासी’ असेच आहे. त्या प्रवासांना कुणी दुःखयात्रा समजू नये.

आता बालकवी. त्र्यंबक बापूजी ठोमरे (१८९०–१९१८) यांच्या त्या कवितेचा आरंभ असा आहे :

कोठुनि येते मला कळेना
उदासीनता ही हृदयाला
काय बोचते तें समजेना
हृदयाच्या अंतर्हृदयाला

रामदासांच्या श्लोकातला शब्द आणि हा शब्द अक्षरशः एकच आहे : ‘उदासीनता’. पण वाक्यातले त्याचे स्थान पाहावे. रामदास ‘उदासीनता सार आहे’ असे म्हणतात, म्हणजे ती ओळखून धरण्याची वस्तू आहे. बालकवींकडे उदासीनता कुठून तरी ‘येते’, आणि ती ‘हृदयाला’ येते. मराठीत ताप येतो तो माणसाला, झोप येते ती माणसाला, कंटाळा येतो तोही माणसालाच. ज्याच्यावर आपली सत्ता चालत नाही ते सारे आपल्या भाषेत येते आणि आपण ‘ला’ प्रत्यय लावून त्याच्या पुढे उभे राहतो. एका क्रियापदाने आणि एका प्रत्ययाने साधकाच्या आसनावरचा शब्द रुग्णाच्या अंथरुणावर येऊन पडला आहे. त्यातच ‘कळेना’ आणि ‘समजेना’ अशी दोन नकारार्थी क्रियापदे आहेत, आणि मध्ये ‘बोचते’ आहे. विरक्ताला काही बोचत नाही.

तरीही कवीने शब्द सैल वापरला असे मी म्हणणार नाही. त्याच्या जागी ‘दुःख’ घालून पाहावे. दुःखाला कारण असते, निदान ते विचारले जाते. येथे तर कारण सापडत नाही हीच तक्रार आहे. ‘खिन्नता’ घातली, तरी मनाची मरगळ येते, पण जगाकडून मन आपोआप मागे सरल्याची जी जाणीव आहे ती येत नाही. ‘उदासीनता’ या शब्दात त्या मागे सरण्याची जुनी स्मृती आहे. कवीने मागे सरण्याची क्रिया ठेवली आहे आणि तिच्यातली निवड काढून घेतली आहे. शिवाय नादाची एक गोष्ट आहे. या कवितेची प्रत्येक ओळ १६ मात्रांची आहे आणि ‘उदासीनता’ हा एकच शब्द त्यातल्या ८ मात्रा घेतो, म्हणजे अर्धी ओळ व्यापतो. दोन दीर्घ अक्षरे ओलांडून ‘न’पाशी क्षणभर हलका होणारा आणि ‘ता’वर पुन्हा जड होणारा हा लांबट शब्द मोठ्याने म्हणून पाहिला, म्हणजे त्याची जागा आखूड शब्दाने का भरणार नाही ते कानालाच कळते.

प्रश्न : वृत्तपत्रांत ‘प्रशासन या प्रश्नाबाबत उदासीन आहे’ असे वाक्य येते. रसायनशास्त्रात ‘उदासीन द्रावण’ असते. हे प्रयोग बरोबर आहेत का? आणि नाम ‘औदासिन्य’ असे लिहावे की ‘औदासीन्य’?

उत्तर : दोन्ही प्रयोग बरोबर आहेत आणि दोन्ही मूळ अर्थाच्या जवळचे आहेत. आम्ल आणि आम्लारी यांची अभिक्रिया होऊन दोघांचेही गुणधर्म लोपतात, तेव्हा उदासीनीकरण झाले असे आपण म्हणतो, आणि ज्याचा सामू ७ आहे ते द्रावण उदासीन ठरते. ते ना या पक्षाचे ना त्या पक्षाचे. कौटिल्याचा बाजूला बसलेला राजा आज प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीत भेटतो, याची मला नेहमी गंमत वाटते.

प्रशासनाचे प्रकरण थोडे वेगळे आहे. अलिप्तपणा हा अर्थ तेथे कायम आहे, पण स्तुतीची जागा निंदेने घेतली आहे, कारण ज्याने लक्ष घालणे हे कर्तव्यच आहे त्याने बाजूला बसणे हा दोष होतो. गीतेतल्या ‘दक्ष’ या शेजाऱ्याला उठवून लावले, की ‘उदासीन’चे असे होते. ‘उपेक्षा’ या शब्दाचेही हेच झाले. योगसूत्रांत मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्या पंक्तीला बसलेली ‘उपेक्षा’ ही चित्ताची शुद्ध वृत्ती आहे. आजच्या मराठीत उपेक्षा झाली म्हणजे कुणाची तरी आबाळ झाली.

रोजच्या लेखनासाठी एक साधी कसोटी उपयोगी पडते. शब्दाच्या आधी ‘विषयी’, ‘बाबत’ किंवा ‘बाबतीत’ आले, की अर्थ अलिप्ततेचा किंवा बेपर्वाईचा असतो; नंतर ‘वाटते’ आले, की अर्थ खिन्नतेचा असतो. ‘तो प्रसिद्धीविषयी उदासीन आहे’ आणि ‘त्याला उदास वाटते’ या दोन वाक्यांची अदलाबदल होत नाही.

नामाचे शुद्ध रूप ‘औदासीन्य’. ‘उदासीन’मधला ‘सी’ दीर्घ आहे आणि तो तसाच राहतो.

प्रश्न : मी मराठी शिकवते. ‘परीक्षेत अपयश आल्यामुळे तो … झाला’ या वाक्यात मुलांनी ‘उदास’, ‘खिन्न’ आणि ‘विषण्ण’ असे तीन शब्द भरले. तिन्हींना गुण द्यावेत का?

उत्तर : गुण तिन्हींना द्यावेत, पण फरक मुलांना जरूर सांगावा. ‘खिन्न’मध्ये थकवा आहे. संस्कृतात ‘खिद्’ म्हणजे दबणे, शिणणे. मेघदूतातला यक्ष मेघाला वाट सांगताना थकशील तेथे पर्वतशिखरांवर पाऊल टेकीत जा असे म्हणतो, तेव्हा ‘खिन्नः खिन्नः’ हेच शब्द वापरतो. तो मेघ दुःखी नाही, दमलेला आहे. मराठीत देहाचा थकवा गेला आणि मनाचा उरला. त्यामुळे अपेक्षेने केलेले श्रम वाया गेले, तर ‘खिन्न’ हा शब्द चपखल बसतो.

‘विषण्ण’ याहून जड आहे. त्यात ‘सद्’ धातू आहे, आणि गंमत अशी की त्याचाही अर्थ बसणे असाच आहे. पण हे बसणे खचून खाली बसण्याचे आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ आहे, आणि त्या अध्यायाच्या शेवटी अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात खरोखरच खाली बसतो. शब्दाची व्युत्पत्ती इतक्या उघडपणे रंगभूमीवर उतरलेली क्वचितच पाहायला मिळते. उदासीन बाजूला बसतो आणि विषण्ण खाली बसतो, एवढे सांगितले तरी मुलांच्या ध्यानात राहील. याच ‘सद्’ धातूला ‘प्र’ हा उपसर्ग लागला, की ‘प्रसन्न’ होते. गढूळ पाणी स्थिर होऊन गाळ तळाशी बसला, म्हणजे ते प्रसन्न झाले.

एका परीक्षेतल्या अपयशाला ‘विषण्ण’ मला थोडा मोठा वाटतो. ज्या मुलाने तो लिहिला आहे, त्याला अपयशानंतरची आणखी दोन वाक्ये लिहायला सांगावे. त्या वाक्यांत मुलगा वही बंद करून खिडकीपाशी गेला असेल, तर ‘उदास’ पुरेसा आहे. हातातले पेन गळून तो तेथेच खाली बसला असेल, तर त्याचा ‘विषण्ण’ तसाच राहू द्यावा.